जानेवारीतला कूलर

नंदा, परवा तुझ्या तेरवीला तुझ्या फोटोपुढे बासरी वाजत होती. निखिलने कुठल्याशा ध्यानाच्या ॲपवरून लावली होती, हातभर लांब स्पीकरवर. मधूनमधून एक बाई गोड आवाजात सांगायची की श्वासाकडे लक्ष द्या, आणि मग साबणाची जाहिरात लागायची, कारण तुझ्या पोराने फुकटातलं ॲप घेतलं होतं. ज्या माणसाचा श्वास संपला म्हणून आपण जमलो आहोत, त्याच्या फोटोसमोर हे वाजवू नये, एवढं भान घरात एकालाही नव्हतं. मीच उठून स्पीकर बंद केला. निखिल म्हणाला, "काहून आत्या? आईले ध्यान आवडत होतं नं." मी म्हटलं, "तुझ्या आईले ध्यान नाही, तुमी गप्प बसलेले आवडत होते."  पोरगं मोबाईल काढून काहीतरी चाळत बसलं.

नणंद भावजयीवर लिहायला बसली म्हणजे तिच्या मनात काहीतरी असणार, असं लोक म्हणतील. म्हणू देत. माझ्या मनात आहेच. चारचौघांत मी तुला वहिनी म्हणायचे, बाकी तू नंदाच होतीस, आणि माझ्या सख्ख्या भावापेक्षा, दादापेक्षा, मला तूच जास्त कळायचीस. तू गेलीस ती तुमच्या अकोल्याच्या घरात, मागच्या खोलीत, चहाच्या आधीच्या तुझ्या त्या अर्ध्या तासात, खिडकीतला कूलर चालू असताना. भर जानेवारीत. आणि आता अख्ख्या खानदानाने ठरवून टाकलं आहे की तुला त्या कूलरने मारलं. डॉक्टर म्हणतो हृदय, नातेवाईक म्हणतात कूलर. बिचारा डॉक्टर, एवढं शिकून त्याचं काही चाललं नाही. "कूलर बंद असता तं आवाज आला असता," हे वाक्य मी तेरा दिवसांत इतक्या तोंडांतून ऐकलं की शेवटी शेवटी कोणी तोंड उघडलं तरी मला तेच ऐकू यायचं.

तुझ्या त्या कूलरची गोष्ट मला पहिल्यापासून ठाऊक आहे. ती काही वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात सुरू झाली. अकोल्याचा मे महिना, खिडकीत तो पत्र्याचा डबा, आणि त्याच्या पंख्याचा असा घरघराट की शेजारी बसलेल्याशीसुद्धा ओरडून बोलावं लागायचं. तू शिकवायचीस त्या शाळेला सुट्ट्या होत्या. तू मागच्या खोलीत जरा टेकलीस आणि बाहेर आलीस तर दादा लालबुंद. केव्हाच्या हाका मारतोय, म्हणे, चष्मा सापडत नव्हता. तुला त्यातली एकही ऐकू आली नव्हती. आणि चष्मा एव्हाना त्याचा त्यालाच सापडून त्याच्या नाकावर बसला होता. हे तू मला फोनवर सांगितलंस तेव्हा तुझा आवाज एखाद्या पोरीसारखा झाला होता. "माया, त्याईले त्याईचा सापडला वं! म्या काहीच नाही केलं." एवढ्या वर्षांच्या संसारात तुला लागलेला हा शोध.

मग दिवाळी झाली. आपल्याकडे दिवाळीनंतर कूलर आवरून ठेवतात, खसच्या ताट्या काढायच्या, टाकी कोरडी करायची, वरून जुनी चादर बांधायची. दादा चादर घेऊन आला आणि तू म्हणालीस, "राहू द्या." पंपाची वायर काढलीस आणि नुसता पंखा ठेवलास. मग थंडीभर ते दृश्य. अंगात स्वेटर, कानाला स्कार्फ, पायात मोजे, आणि कूलरकडे पाठ करून खुर्चीवर ताठ बसलेली तू. शांतता पाहिजे म्हणून घरघराट लावणारी अख्ख्या वऱ्हाडात तू एकटीच असशील. गल्लीत बोभाटा झाला. बाईचं वय झालं, अंगाची आग होत असन, असं शेजारच्या बायांनी परस्पर निदान करून टाकलं. दादाला त्याचीच लाज. बायको थकते याची त्याला कधी लाज वाटली नाही, बायको थंडीत कूलर लावते हे मात्र चारचौघांत कसं दिसतं, याने त्याची झोप उडायची.

थकत होतीस की नाही, हे तर कोणी विचारूच नये. सकाळी सगळ्यांचे डबे, मग पातूरची बस, दिवसभर गणिताचे तास, मध्येच कुठली निवडणूक, कुठला सर्व्हे, सगळ्या खात्यांना शाळेतले मास्तर मोकळेच दिसतात. परत बस. आणि घरात पाय ठेवला की पर्स खांद्यावरून उतरायच्या आत, "नंदा, ते रिमोट कुठं ठेवलं?" रिमोट दादाच्या मांडीखाली. रिटायर झाल्यापासून त्या माणसाने एक सोफा आणि एक टीव्ही यांच्या बाहेरचं जग पाहिलेलं नाही, आणि टीव्हीचा आवाज एवढा की बातम्या देणारा माणूस आपल्याच हॉलमध्ये भांडायला आला आहे असं वाटावं.

आणि निखिल? तो वरच्या मजल्यावर पुण्याच्या कुठल्या कंपनीचं काम घरून करतो. दिवसभर कानांवर ती भली मोठी डबडी. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणूनच ती बनवलेली असतात, हे त्यानेच मला कौतुकाने सांगितलं होतं. खाली बाप जिन्यावरून पडला तरी त्याला पत्ता लागणार नाही. पण त्याला कोणी खूळ म्हणत नाही. त्याला 'कामात आहे' म्हणतात. पल्लवी, त्याची बायको, बँकेतून दमून येते आणि जिन्यात पावलं न वाजवता चढते, साहेबांची मीटिंग चालू असेल म्हणून. पगार मिळत असेल तर कान बंद करायला परवानगी आहे, नंदा. तुझं चुकलं ते एवढंच की तुझ्या अर्ध्या तासाचा कोणी पगार देत नव्हतं.

मी तुला एकदा विचारलं होतं की त्या खोलीत तू नेमकं करतेस काय. मंत्र? श्वास मोजतेस? तू म्हणालीस, "काही नाही वं. एक इचार घेतो अन् शेवटपर्यंत नेऊन पाहतो. बाकी दिवसभर कोनताच इचार पुरा होत नाही. अर्ध्यातच कुकर शिटी मारते." मला आधी हसू आलं. मग आठवून पाहिलं की मी शेवटचा पुरा विचार कधी केला होता, आणि मला आठवेना. मी अमरावतीच्या जिल्हा कोर्टात बोलून पोट भरणारी बाई. माझे सगळे विचार तारखेपुरते.

पातूरच्या लेण्यांत तू मला घेऊन गेली होतीस, तुमच्या शाळेची सहल होती तेव्हा. पोरं आत शिरून आपापली नावं ओरडत होती, आवाज घुमतो म्हणून. भिंतीवर कोणी कोणी प्रेमाच्या बाणांसकट नावं कोरलेली. मी तिथे उभी राहून जरा भाषणच ठोकलं, की बघ, पूर्वी माणसं चित्त एकाग्र करायला कुठे येऊन बसायची. तू कपाळावर हात धरून वरचा डोंगर बघितलास आणि म्हणालीस, "बसतीन नाही तं काय. इथवर येऊन त्याईले कोन चाय मागत असन?" 

पण आपलं भांडण खरं होतं आणि ते अर्धवट राहिलं, हे मी आजही सोडणार नाही. मला तुझा तो कूलर कधीच आवडला नाही. दादासारखा लोकलाजेपायी नाही, मला त्यातला भित्रेपणा आवडायचा नाही. अगं, अर्धा तास पाहिजे तर माग ना! हॉलमध्ये उभी राहा, टीव्ही बंद कर आणि सांग की या वेळात मला कोणी हात लावायचा नाही. पंख्याच्या आवाजामागे लपून काय बसायचं? तू म्हणायचीस, "मागून भेटत असतं तं कूलर कायले लावला असता? तू भांडून घे माया, मले लावून घेऊ दे." मी म्हणायचे की अशाने ते कधीच शिकणार नाहीत. तू म्हणायचीस की त्यांना शिकवायला दिवसभराची शाळा करून आल्यावर तुझ्यात जीव उरत नाही. दर वेळी आपण इथेच थांबायचो.

तरी मी मुद्दा सोडला नव्हता. बोर्डाचे पेपर तपासायला तू अमरावतीला माझ्याकडे राहिलीस, तेव्हा मी मुद्दाम तुला आतली खोली दिली. माझ्या घरात मी एकटी. ना टीव्ही, ना रिमोट हरवणारं कोणी. म्हटलं, आता बस तुला पाहिजे तेवढी, आणि बघ कूलरशिवाय कसं छान होतं ते. थोड्या वेळाने तू खोलीतून बाहेर आलीस आणि ओट्यापाशी येऊन माझ्या हातातली कोथिंबीर निवडायला घेतलीस. "मन लागून नाही राहिलं," म्हणालीस. "सारखा कान दाराकडे जाते. कोनी बोलावलं का, कोनी बोलावलं का." त्या घराने तुझ्या कानांचं काय करून ठेवलं होतं ते मला त्या दिवशी कळलं. मी चिडले आणि तुलाच बोलले, की तुला शांतता नकोच आहे, चोरलेली शांतता पाहिजे. तू कोथिंबीर निवडत राहिलीस. मग म्हणालीस, "तुह्याकडे एखादा जुना पंखा असन तं लाव बरं." आणि आपण दोघी हसत सुटलो. मला अजून कळलेलं नाही की त्यात हसण्यासारखं काय होतं.

मात्र तुझ्या त्या अर्ध्या तासाचं मी किती देणं लागते, हे तुला कधी नीट सांगितलं नाही. माझा नवरा दुसरीकडे गुंतल्याचं उघड झालं तेव्हा आठ दिवस माझ्या घरी सल्ल्यांचा पाऊस पडत होता. मिटवून घे. मोठं मन कर. दादाने तर फोनवरच निकाल दिला, की थोडं सहन कर, माणसं येतात ताळ्यावर. स्वतः आयुष्यात काही सहन न केलेल्या माणसाने दुसऱ्याला सहन कर म्हणणं किती सोपं असतं! बायकांच्या केसेस लढणारी मी, स्वतःच्या वेळी मला दोन वाक्यं जुळवता येत नव्हती. तू एकटीच काही बोलली नव्हतीस, आणि मला त्याचाही राग आला होता. मग त्या रविवारी तू बसने आलीस, पाणी प्यायलीस आणि म्हणालीस, "मी आठवडाभर तुह्यावरच बसली होती. पुरा इचार केला. घर तुहं हाये, तू काहून जातं? त्याले जाऊ दे." बस. ना रडणं, ना मिठी. आज मी त्याच घरात बसून हे लिहिते आहे. तेव्हा कोणीतरी माझा विचार शेवटपर्यंत केला होता. आणि त्या वेळी त्या घरचे लोक दारातून बोलत असतील, की ही बाई थंडीत कूलर लावून काय करते कोण जाणे.

म्हणून परवा मला राहवलं नाही.

पहिली पंगत उठल्यावर दादाच्या ओळखीचा एक गृहस्थ बोलायला उभा राहिला. तो कुठेतरी ध्यानाचे वर्ग घेतो म्हणे, पांढरा कुर्ता, बोटात दोन अंगठ्या. ताई साधक होत्या, म्हणाला. ताईंनी मौनाची ताकद ओळखली होती. हे त्याने माईकवर, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. शेवटी दोन मिनिटं स्तब्धता पाळू या म्हणाला आणि पाळायला लावून मध्येच स्वतःच श्लोक म्हणू लागला. त्यांना दोन मिनिटंही जमली नाहीत, नंदा. एकाचा मोबाईल वाजला, एक बाई पोळ्यांचं काय झालं म्हणून कुजबुजली, आणि दादा पहिल्या खुर्चीवर मान खाली घालून म्हणत होता, "त्या कूलरनंच घात केला. म्या किती डाव सांगतलं होतं." सगळे माना डोलवत होते. त्याने सुताराला बोलावून मागच्या खोलीची कडी काढून टाकली आहे, हेही तेव्हाच समजलं. जी कडी तू कधी लावतच नव्हतीस. तू दार नुसतं लोटून घ्यायचीस, कोणाला काही लागलं तर, म्हणून. आणि पल्लवीकडे वळून तो सगळ्यांदेखत म्हणाला, "आता या घरात दार लोटून कोनी बसाचं नाही, सांगून ठेवतो." पल्लवी वाढत होती. तिच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला, आणि ती हो म्हणाली. मला तिचं ते हो म्हणणं बघवलं नाही.

मी उभी राहिले. कोर्टात उभी राहते तशीच. म्हटलं, "दादा, कूलरचं राहू दे. चाय आला नाही म्हनूनच तिले पाहाले उठला नं तू? खरं सांग सगळ्याइसमोर. दुसऱ्या कोनी टायमावर चाय देला असता तं सकाळपर्यंत तरी पाहिलं असतं का तिच्याकडे?"

कोणीतरी मला खाली बसायला खुणावलं. मी बसले नाही. मला वाटलं, तो आता ओरडेल, आणि मला ते पाहिजे होतं, कारण ओरडणाऱ्या माणसाला कसं उताणं पाडायचं हे मला येतं. पण तो ओरडला नाही. त्याने चष्मा काढला आणि धोतराच्या टोकाने पुसत बसला.

"चायसाठी नाही उठलो, माया," म्हणाला. "मले समजलं होतं टाइम झाला म्हनून. रोज कूलर बंद होये, अन् मंग मले समजे आता चाय येते. त्या दिवशी बंदच नाही झाला. निखिल खाली आला, म्हने आईले आवाज देऊ का. म्या म्हटलं, राहू दे. थकली असन. बसू दे तिले आज." आणि मग चष्मा परत डोळ्यांवर चढवून, "मंग अंधार पडला."

 मी उभीच होते.  सगळ्या संसारात एकदा, फक्त एकदा, त्या माणसाच्या मनात आलं की हिला बसू द्यावं. मला त्याची दया यायला हवी होती. ती आलीसुद्धा, पण तिच्या आधी संताप आला, आणि अजून तोच पुढे आहे. इतक्या वर्षांतला एक दिवस निवडला, तोही हा! आणि आता त्याची खात्रीच झाली आहे की बाईला निवांत बसू देणं म्हणजे तिला मारणं. आता तो मरेपर्यंत त्या घरात कोणाला बसू देणार नाही. पल्लवी दार लोटायला गेली की ते तुझं नाव घेऊन उघडतील.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर गेलं तरी माझं डोकं थंड झालं नव्हतं. एकच प्रश्न राहिला होता आणि तो मी वकील म्हणून आधीच विचारायला हवा होता. तू हाक मारली होतीस का? मारली असशील आणि त्या घरघराटात बुडाली असेल, तर ते सगळे खरे आणि मी खोटी. काल डॉक्टरला मी फोन करून विचारलं. तो म्हणाला, मारता आली असेल, नसेलही, हे सांगता येत नाही. मग मी आठवायला लागले. लग्न होऊन तू त्या घरात आलीस तेव्हापासूनचं. माझ्या आईच्या हाका आठवल्या, दादाच्या आठवल्या, निखिल लहान असतानाच्या, अगदी दूधवाल्याच्यासुद्धा. तुझी एकही आठवेना. मला पाणी द्या, माझी पाठ दुखते, जरा इकडे या, असं तू स्वतःसाठी कोणाला बोलावल्याचं मला एकदाही आठवत नाही. कूलर बंद असता, नंदा, तरी त्यांना काय ऐकू आलं असतं?